रोखलेल्या पिस्तुलासमोरचे दोन सेकंद

५ जानेवारी २०२३ च्या रात्री अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरातल्या एका मेक्सिकन उपाहारगृहात तोंड झाकलेला एक माणूस हातात पिस्तूल घेऊन शिरला आणि टेबलाटेबलापाशी जाऊन गिऱ्हाइकांचे पैसे व पाकिटे गोळा करू लागला. कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रफितीत एक गिऱ्हाईक आपल्या जागी बसलेले दिसते. लुटारू त्याच्यापासून पुढे सरकतो, पाठ फिरवून दाराकडे वळतो आणि मगच त्या गिऱ्हाइकाचा पिस्तूल धरलेला हात वर येतो. एकूण नऊ गोळ्या सुटल्या आणि लुटारू मरण पावला. गोळ्या झाडणाऱ्याने लुटीचे पैसे इतर गिऱ्हाइकांना परत केले आणि पोलीस येण्यापूर्वीच तो निघून गेला. लुटारूच्या हातातले पिस्तूल खरे नव्हते, प्लॅस्टिकची नक्कल होती, हे उघड झाले ते सगळे आटोपल्यावर. त्याच वर्षी जूनमध्ये ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, त्या गिऱ्हाइकावर आरोप ठेवण्यास नकार दिला.

या घटनेवर अमेरिकेत भरपूर वाद झाला आणि त्यातला बहुतेक वाद गोळ्यांविषयी होता. मला मात्र त्या चित्रफितीत जास्त कुतूहल वाटते ते गोळ्यांपूर्वीच्या थांबण्याचे. अमेरिकेतील निम्म्याहून अधिक राज्यांत आता परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येते, आणि जून २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क संविधानाच्या कक्षेत आणून ठेवला. त्यामुळे लुटीच्या वेळी कमरेला पिस्तूल असलेला सामान्य माणूस तिथे अपवादाचा राहिलेला नाही. अशा माणसाने काय करावे, हा प्रश्न सहसा धैर्याचा म्हणून मांडला जातो. प्रत्यक्षात तो बऱ्याच अंशी वेळेचा आणि अपुऱ्या माहितीचा प्रश्न आहे.

सुरुवात लुटारूपासून करावी लागते. रिचर्ड राइट आणि स्कॉट डेकर या गुन्हेशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात सेंट लुईस शहरात मोकळे फिरणाऱ्या, अजूनही लुटीच्या धंद्यात असलेल्या ८६ लुटारूंच्या मुलाखती घेतल्या. त्यांतून समोर आलेली रीत अशी, की लुटारू पहिल्याच क्षणी ‘आता आपण मरणार’ असा भास समोरच्याच्या मनात उभा करतो, कारण तो भास जितका पक्का तितकी प्रत्यक्ष मारहाणीची गरज कमी. फिलिप कुक यांचे बंदुकीच्या लुटीवरचे काम याला पूरक आहे. बंदूक दाखवून केलेल्या लुटीत इजा होण्याचे प्रमाण तुलनेने कमी असते, कारण बळी पडणारे प्रतिकारच करत नाहीत. मात्र मृत्यूचे प्रमाण चाकूच्या लुटीच्या सुमारे तिप्पट भरते. म्हणजे बहुतेक वेळा पैसे देऊन प्रसंग निभावतो, पण जेव्हा निभावत नाही तेव्हा फार वाईट रीतीने बिघडतो. आपल्यासमोरचा प्रसंग या दोहोंपैकी कोणता, हे समोर उभ्या असलेल्या माणसाला कुणीही सांगत नाही, आणि ह्यूस्टनमध्ये तर पिस्तूल खरे की खोटे हेदेखील कुणाला ठाऊक नव्हते.

आता घड्याळाकडे वळू. २०११ साली टेक्सासमधील जे. पीट ब्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पोलीस अधिकाऱ्याचे पिस्तूल आधीच संशयितावर रोखलेले होते, तर संशयिताचे पिस्तूल खाली किंवा स्वतःच्याच डोक्याकडे होते. संशयिताने शरण यायचे किंवा अचानक गोळी झाडायची, आणि त्याने तसे केले तर अधिकाऱ्याने उत्तर द्यायचे. संशयिताला पिस्तूल वळवून चाप ओढायला सरासरी ०.३८ सेकंद लागले आणि अधिकाऱ्याला उत्तर द्यायला ०.३९ सेकंद. पिस्तूल आधीच रोखून ठेवल्याचा फायदा जवळजवळ शून्यावर आला, कारण जो सुरुवात करतो त्याचा निर्णय आधीच झालेला असतो, तर उत्तर देणाऱ्याला आधी पाहावे, ओळखावे आणि मग हलावे लागते.

सशस्त्र नागरिकाची स्थिती या अधिकाऱ्यापेक्षा कितीतरी अवघड असते. त्याचे पिस्तूल शर्टाखाली असते. कापड बाजूला करून, मूठ पकडून, पिस्तूल वर आणून पहिली गोळी झाडायला सरावलेल्या हातालाही साधारण दीड ते दोन सेकंद लागतात, आणि लुटारूचे बोट मात्र त्या वेळी आधीच चापाजवळ असते. त्यातच १९५२ साली विल्यम हिक यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, निवडीचे पर्याय वाढत जातात तशी प्रतिक्रियाही लांबत जाते. निःशस्त्र माणसापुढे पैसे देणे आणि पळणे असे मोजके मार्ग असतात. कमरेला पिस्तूल असलेल्या माणसाला त्यांत आणखी एक मार्ग मिळतो, पण तो विचारात घेण्याचा वेळ त्याला त्या क्षणी स्वतःच्याच खात्यातून मोजावा लागतो. म्हणूनच अमेरिकेतील स्वसंरक्षणाचे प्रशिक्षक वारंवार सांगतात की रोखलेल्या पिस्तुलासमोर पिस्तूल काढू नये, आपली पाळी येईपर्यंत थांबावे. लुटारूची नजर गल्ल्याकडे वळली, त्याने पाठ फिरवली किंवा मध्ये कुणी आले, तरच ती पाळी. ती कधीकधी येतच नाही आणि मग पाकीट पुढे करणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. ह्यूस्टनच्या गिऱ्हाइकाचे थांबणे याच हिशेबात बसते.

थांबणे म्हणजे मेंदू बंद पडणे, असा एक समज आहे. वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास मांडलेली ‘लढा किंवा पळा’ ही जोडी इतकी लोकप्रिय झाली की तिच्याआधी येणारा थबकण्याचा टप्पा दुर्लक्षितच राहिला. नेदरलँड्समधील कारिन रुलॉफ्स आणि त्यांच्या गटाने दाखवले आहे की धोका जवळ येत असताना माणूस थबकतो तेव्हा त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, शरीराची हालचाल कमी होते आणि त्याच वेळी दृश्यातल्या ठळक, ढोबळ आकारांचे भान सुधारते. गाडीचा ब्रेक दाबून ठेवावा आणि त्याच वेळी इंजिनचा वेगही वाढवावा, तशी ही अवस्था असते. जो थबकला तो घाबरट, असे त्यानंतर कुणी म्हणू लागले तर त्याला हे सांगायला हवे.

ढोबळ आकार दिसतात, बारकावे मात्र निसटतात. १९८७ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी प्रेक्षकांना उपाहारगृहातली चित्रमालिका दाखवली. एकीत गिऱ्हाईक रोखपालापुढे धनादेश धरतो, दुसरीत पिस्तूल. डोळ्यांच्या हालचाली टिपल्यावर दिसले की प्रेक्षकांची नजर पिस्तुलावर अधिक वेळा आणि अधिक वेळ खिळत होती, आणि चेहरा ओळखणे त्यांना जड जात होते. खऱ्या गोळीबारातून गेलेल्या १५७ अमेरिकन पोलिसांना अलेक्सिस आर्टव्होल यांनी प्रश्न विचारले, तेव्हा ८४ टक्क्यांनी आवाज मंद ऐकू आल्याचे सांगितले, ७९ टक्क्यांनी नजर बोगद्यातून पाहिल्यासारखी आकसल्याचे सांगितले, आणि २१ टक्क्यांच्या आठवणीत असे काही होते जे मुळात घडलेच नव्हते. ६२ टक्क्यांना सारे संथ गतीने घडल्यासारखे वाटले होते. या संथपणाचा उपयोग होतो का, हे डेव्हिड ईगलमन यांच्या गटाने २००७ मध्ये स्वयंसेवकांना ३१ मीटर उंचीवरून खालच्या जाळ्यात सोडून तपासले. पडण्याचा काळ त्यांना सुमारे ३६ टक्के जास्त वाटला, पण मनगटावरच्या पडद्यावर झपाट्याने बदलणारे आकडे त्यांना एरवीपेक्षा जराही अधिक वाचता आले नाहीत. वेळ ताणला गेल्याची जाणीव आठवणीतून येते. विचाराला त्यातून काही मिळत नाही.

नेमबाजीवरही याचा परिणाम होतो. आर्ने निउवेनहाऊस आणि राऊल औडेयान्स यांनी डच पोलिसांवर केलेल्या प्रयोगांत समोरचा माणूस रंगीत साबणाच्या गोळ्या उलट झाडू लागला, की पोलिसांचा नेम बिघडत असे. पुढच्या एका प्रयोगात, भीतीच्या दडपणाखालचे पोलीस शरण येणाऱ्यावरही गोळी झाडण्याची चूक अधिक करत. न्यूयॉर्कच्या पोलिसांविषयी रँड या अमेरिकन संशोधन संस्थेने २००८ साली दिलेल्या अहवालात, उलट गोळीबार होत असताना त्यांच्या केवळ १८ टक्के गोळ्या लक्ष्यावर लागल्याची नोंद आहे. हे पगारी, प्रशिक्षित लोक. उरलेल्या गोळ्या कुठे जातात, याचा विचार गिऱ्हाइकांनी भरलेल्या उपाहारगृहात केल्यावर अंगावर काटा येतो.

आणखी एक अडचण अशी, की सशस्त्र नागरिकाच्या अंगावर गणवेश नसतो. येथली दोन उदाहरणे लुटीची नाहीत, पण मुद्दा तोच आहे. ८ जानेवारी २०११ रोजी टूसॉन शहरात अमेरिकी संसदेच्या सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर गोळीबार झाला तेव्हा जवळच्या दुकानातून एक तरुण खिशातल्या पिस्तुलावर हात ठेवून धावत आला. समोर पिस्तूल धरलेला माणूस दिसला. प्रत्यक्षात त्या माणसाने ते पिस्तूल हल्लेखोराकडून हिसकावून घेतले होते. तरुणाने पिस्तूल बाहेर काढले नाही, त्याचा हात धरला, आणि एक भयंकर चूक टळली. जून २०२१ मध्ये कोलोराडोतील आर्वाडा येथे असे घडले नाही: एका नागरिकाने पोलिसाला ठार करणाऱ्या हल्लेखोराला गोळी घालून थांबवले, नंतर हल्लेखोराची रायफल उचलली, आणि तिथे पोहोचलेल्या दुसऱ्या पोलिसाने त्यालाच हल्लेखोर समजून ठार केले.

सरासरीने काय घडते, याचे उत्तर आकड्यांत शोधणाऱ्यांचे एकमत नाही. गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांनी १९९५ मध्ये वर्षाला सुमारे २५ लाख वेळा बंदुकीने स्वसंरक्षण होत असल्याचा अंदाज दिला. गुन्ह्यांना बळी पडलेल्यांच्या सरकारी सर्वेक्षणातून निघणारी संख्या त्याच्या मानाने अगदीच लहान आहे. त्याच सर्वेक्षणाच्या २००७ ते २०११ मधील चौदा हजारांहून अधिक घटना डेव्हिड हेमेनवे आणि सारा सोल्निक यांनी तपासल्या. त्यांत बंदुकीने प्रतिकार झाला फक्त १२७ घटनांत. बंदूक वापरणाऱ्यांपैकी १०.९ टक्के जखमी झाले आणि काहीच न करणाऱ्यांपैकी ११ टक्के. मालमत्ता मात्र बंदूक वापरणाऱ्यांना अधिक वेळा वाचवता आली, पण इतर कोणतेही हत्यार वापरणाऱ्यांनाही जवळपास तितकीच. १२७ हा आकडा लहान आहे, त्यावर कोणत्याही बाजूने मोठी इमारत उभारू नये, असे माझे मत आहे.

मग निर्णय नेमका होतो कधी? गॅरी क्लाइन यांनी अग्निशामक दलाच्या प्रमुखांचा अभ्यास केला तेव्हा, ते पर्यायांची तुलना करत बसत नाहीत, ओळखीचा नमुना दिसताच पहिला पुरेसा मार्ग उचलतात, असे आढळले. ज्याच्याजवळ अशा नमुन्यांचा साठा नाही, त्याला निदान पीटर गोल्विट्झर यांच्या ‘जर–तर’ योजनेचा आधार घेता येतो: फक्त पैसे मागितले तर देईन, लोकांना मागच्या खोलीत नेऊ लागला तर प्रतिकार करीन. अशी अट आधीच ठरवलेली असली की ऐन वेळी ती पाहताक्षणी कृती सुरू होते, असे त्यांच्या नंतरच्या कितीतरी प्रयोगांतून दिसले आहे.

सुरू झालेली कृती थांबवणे हे वेगळे काम आहे. प्रयोगशाळेत, बोट हलवण्याची तयारी झालेल्या माणसाला ‘थांब’ असा इशारा मिळाला तर ती क्रिया रोखायला मेंदूला साधारण पाव सेकंद लागतो. झपाट्याने चाप ओढणाऱ्याची एखाद-दुसरी जादा गोळी या पाव सेकंदात बसते. टेक्सासचा कायदा लूट करून ऐवजासह पळणाऱ्यावरही, काही अटींवर, प्राणघातक बळ वापरू देतो. ग्रँड ज्युरीचे कामकाज गुप्त असते, त्यामुळे ह्यूस्टनच्या नऊ गोळ्यांकडे तिने कसे पाहिले हे बाहेर आलेले नाही. चित्रफितीत मात्र दिसते की लुटारू कोसळल्यानंतर तो माणूस चालत त्याच्याजवळ गेला आणि शेवटची गोळी त्याने तिथे उभे राहून झाडली.