बाहुलीची सलाईन

शेजारच्या पाच वर्षांच्या मुलीला टायफॉइड झाला आणि सलाईनसाठी काही दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. घरी परतल्यावर तिने भातुकली बाजूला सारली, बाहुलीच्या मनगटाला चिकटपट्टी लावली आणि दरडावले, “हात हलवायचा नाही, कळलं?” रोज हाच खेळ पाहून आजीने मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. आजीची माया खरी होती, परंतु भीती मीठ-मोहऱ्यांनी उतरत नाही. ती त्या खेळातूनच उतरत होती.

दवाखान्यात सगळे तिच्यावर घडत होते, खेळात मात्र घडवणारी तीच असते. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी १९२० मध्ये आपल्या दीड वर्षाच्या नातवाविषयी हेच नोंदवले: दोरा बांधलेले रीळ तो पलंगाआड फेकून ‘गेलं’ म्हणे आणि ओढून काढत आनंदाने ‘आलं’ म्हणे. आईचे जाणे त्याच्या हाती नव्हते, रिळाचे होते.

भावनेला नाव दिले की मेंदूतील अमिग्डाला या धोक्याची सूचना देणाऱ्या भागाची प्रतिक्रिया मंदावते, असे प्रौढांवरील प्रयोगांत दिसले आहे. ते नाव देताना कपाळामागचा जो भाग कामाला लागतो, त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. कदाचित त्यामुळेही “तुला भीती वाटली का?” या थेट प्रश्नावर पाच वर्षांचे मूल बहुधा गप्प बसते. भीती बाहुलीची झाली, की तेच मूल अनेकदा भरभरून बोलते. म्हणून मोठ्यांनीही “बाहुलीला फार दुखतंय वाटतं” एवढेच म्हणावे.

डॉ. मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२८ मध्ये लंडनमध्ये मानसिक अडचणी असलेल्या मुलांसाठी दवाखाना काढला. तिथे वाळूच्या ट्रेमध्ये मुले छोटी खेळणी मांडत आणि त्या मांडणीला ‘जग’ म्हणत. त्यावर आपला अर्थ लादायला लोवेनफेल्ड यांचा विरोध होता. मुलांच्या चित्रांविषयी ‘काळा रंग म्हणजे राग’ असली कोष्टके फिरवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

मात्र प्रत्येक खेळ मोकळे करतोच असे नाही. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील चौचिला येथे २६ मुलांची शाळेची बस अडवून त्यांना पळवले आणि दूरच्या एका खाणीत पुरलेल्या ट्रेलरमध्ये कोंडले होते. सुटकेनंतर त्यांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. लेनोर टेर यांना असा खेळ आढळला, जो पुन्हा पुन्हा तसाच चाले, पण त्यात आनंद नसे आणि मुलांना दिलासाही मिळत नसे. शेजारच्या बाहुलीची सलाईन आठवड्याभरात सुटली, तिला मऊ भात भरवला गेला. जिथे असा दिवस उगवत नाही, तिथे बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये.