मिशनसेवेसाठी परदेशी जाताना: व्हिसा, पात्रता आणि कागदपत्रांची तयारी

मिशनसेवेच्या पाचारणाची (देवाच्या बोलावण्याची) खात्री पटली, मंडळीने (आपल्या चर्चने) प्रार्थना केली, की बहुतेक जण थेट दूतावासाची वेबसाइट उघडतात. पण दूतावास हा शेवटचा टप्पा आहे. पहिला अर्ज तुम्हाला पाठवणाऱ्या मंडळीकडे किंवा मिशन संस्थेकडे करायचा. मग ज्या देशात जायचे तिथली यजमान संस्था त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याकडे तुमच्यासाठी मंजुरी मागते. व्हिसाचा अर्ज सहसा त्यानंतरच करता येतो.

पाठवणारी संस्था लेखी साक्ष (स्वतःच्या विश्वासाचा अनुभव), विश्वासाचे निवेदन, पाळकांचे (मंडळीच्या धर्मगुरूंचे) शिफारसपत्र आणि वैद्यकीय तपासणीचा अहवाल मागते. अनेक संस्था मानसिक आरोग्याबाबतही मुलाखत घेतात. पती-पत्नी दोघे जाणार असतील तर दोघांचीही मुलाखत होते. ती मनमोकळेपणाने द्या. जुने आजारपण किंवा घरातला ताण इथे सांगितला तर त्यावर उपाय शोधता येतो. परक्या देशात तो उघड झाला तर सेवा अर्धवट सोडून परतावे लागते.

पात्रतेचे नियम देशागणिक वेगळे आहेत. अमेरिकेच्या आर-१ व्हिसासाठी (धार्मिक कार्यकर्त्यांचा तात्पुरता व्हिसा) यजमान संस्था फॉर्म आय-१२९ हा विनंती अर्ज भरते. अर्जदार त्याच पंथाचा किमान २ वर्षे सभासद असावा लागतो आणि काम आठवड्याला सरासरी २० तास तरी असावे लागते. सुरुवातीला ३० महिन्यांपर्यंत मुदत मिळते, एकूण मर्यादा ५ वर्षांची. जोडीदार आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले आर-२ वर जातात, मात्र त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. जपानमध्ये धार्मिक कार्यासाठी स्वतंत्र निवास दर्जा आहे. त्यासाठी परदेशी धार्मिक संस्थेने तुम्हाला पाठवलेले असावे लागते, आणि आधी पात्रता प्रमाणपत्र काढावे लागते. ब्रिटनमध्ये धार्मिक कार्यकर्ता आणि धर्मसेवक असे दोन वेगळे व्हिसा आहेत. कार्यकर्त्याच्या व्हिसावर मंडळीचे पाळकपद सांभाळता येत नाही. शिफारसपत्रात 'पाळकीय सेवा' असा शब्द सहज लिहिला जातो आणि अर्ज तिथेच अडकतो.

म्हणून निमंत्रणपत्र नीट तपासा. पद, कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास, कालावधी, मानधन किती, आणि मानधन नसेल तर राहण्या-जेवणाचा खर्च कोण करणार, हे सगळे त्यात स्पष्ट हवे. सर्व कागदांत तारखा आणि पदाचे नाव एकच हवे.

पर्यटक व्हिसावर जाऊन सेवा सुरू करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतो. पकडले गेल्यास तुम्हाला परत पाठवतील, पण चौकशी मागे राहिलेल्या स्थानिक विश्वासणाऱ्यांची होईल. काही देशांत तर कायदाच कडक आहे. उदाहरणार्थ, नेपाळच्या २०१५ च्या संविधानातील कलम २६ दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई करते. अशा ठिकाणी शिक्षक किंवा परिचारिका म्हणून जायचे असेल, तर ते काम खरोखर आणि मन लावून करायचे असले पाहिजे. सुवार्तेसाठी निघालेल्या माणसाने अर्जात खोटे लिहू नये.

आता कागदपत्रे. पासपोर्ट परतीच्या अपेक्षित तारखेनंतरही किमान ६ महिने वैध असावा. जन्म, विवाह आणि शिक्षणाचे दाखले, बाप्तिस्म्याचा दाखला, मंडळीच्या सभासदत्वाचे पत्र आणि पाळकपदाची दीक्षा झाली असल्यास तिचे प्रमाणपत्र जमवा. इथे सर्वाधिक घोळ नावाचा होतो. बाप्तिस्म्याच्या वेळचे नाव एक, पासपोर्टवरचे दुसरे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

सरकारी दाखल्यांवर अपोस्टिलचा, म्हणजे दाखला खरा असल्याचे परदेशासाठी प्रमाणित करणारा, शिक्का लागू शकतो. १९६१ च्या हेग करारात दोन्ही देश असतील तर तो पुरतो, नाहीतर दूतावासाकडून साक्षांकन करून घ्यावे लागते. पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र मात्र सगळ्यात शेवटी काढा. ते काही महिन्यांपुरतेच ग्राह्य धरतात. पूर्वी इतर देशांत राहिला असाल तर तिथलेही मागितले जाऊ शकते.

पैशांची तयारी लेखी असू द्या. कोणती मंडळी दरमहा किती देणार आणि किती वर्षे, याची पत्रे व्हिसा अर्जात आर्थिक पुरावा म्हणून उपयोगी पडतात. तोंडी आश्वासन तिथे चालत नाही. आरोग्य विम्यात आपत्कालीन स्थलांतर आणि मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च आहे का, हेही विचारा. घरच्यांशी हा विषय काढणे जड जाते, तरी काढाच. मृत्युपत्र आणि विश्वासू नातेवाइकाच्या नावे मुखत्यारपत्र याच सुमारास करून ठेवावे. एकच पालक मुलांना घेऊन जात असेल तर दुसऱ्याचे नोटरीसमोर केलेले संमतीपत्र बरोबर ठेवावे.

पिवळ्या तापाची लस सक्तीची असेल तर ती प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या, कारण प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून वैध होते. २०१६ पासून ते आयुष्यभर चालते, त्यामुळे जुने सापडले तर पुन्हा टोचून घ्यायची गरज नाही.