कार्डाच्या आधी कॅमेरा सांगा: एडिटिंगचा पीसी बांधून घ्यायच्या आधी हे वाचा

म्हापशात आमच्या दुकानात आल्या आल्या पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो, ग्राफिक्स कार्ड कुठलं टाकू? आणि आम्ही उलट विचारतो, शूट कशावर करता, कॅमेऱ्यात सेटिंग काय ठेवलंय. काही जणांना वाटतं आम्ही विषय बदलतोय. तसं नाही हो, खरंच त्या एका उत्तरावर अर्धा पीसी ठरतो, म्हणूनच हे पान छापलंय, घरी नेऊन सावकाश वाचा.

गेल्या लग्नसराईत डिचोलीकडचे एक जण पीसी घेऊन आले, दुसरीकडून बांधून घेतलेला, कार्ड चांगलं महागाचं, रॅम भरपूर, तरी टाइमलाइनवर क्लिप टाकली की अडकत अडकत चालायची, तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम तर उघडायचंच नाही. त्यांना वाटलं कार्ड कमी पडतंय, अजून मोठं घ्यावं. आम्ही क्लिप तपासली तर एच २६५ (व्हिडिओ आवळून लहान करायची एक पद्धत), १० बिट (रंगाच्या जास्त छटा), ४:२:२ (हे पुढे सांगतो). आणि प्रोसेसर होता आय७ १४७००केएफ. गोम त्या शेवटच्या एफ मध्ये होती. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात एफ आला की आतलं ग्राफिक्स बंद, आणि ही असली फाइल उलगडायचं काम नेमकं तेच आतलं ग्राफिक्स करतं. त्यांचं कार्ड एनव्हिडियाच्या ४० सिरीजचं, त्याला ४:२:२ हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही, म्हणजे सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर. नुसता प्रोसेसर बदलून बिगर एफचा घातला, बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) आतलं ग्राफिक्स चालू केलं, मल्टिकॅम चालायला लागलं. नवं कार्ड घेतलं असतं तर त्याच्या कितीतरी पट पैसे गेले असते.

हे असं का होतं ते जरा समजून घ्या कारण पुढचं सगळं यावरच आहे. कॅमेरा प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही, एक पूर्ण फ्रेम ठेवतो आणि पुढच्या कित्येक फ्रेमचा फक्त काय बदललं तेवढा हिशेब ठेवतो, त्यामुळे फाइल लहान होते. पण तुम्ही टाइमलाइनवर मध्येच कुठेतरी क्लिक केलं की कॉम्प्युटरला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून सगळा हिशेब परत मांडावा लागतो. घट्ट आवळून बांधलेलं गाठोडं समजा, न्यायला हलकं, सोडायला वेळखाऊ. म्हणून लहान फाइल म्हणजे हलकी फाइल हा समज काढून टाका. ४:२:२ म्हणजे त्यात रंगाची माहिती ४:२:० पेक्षा दुप्पट, ग्रेडिंगला म्हणजे रंग सुधारायला झकास, पण गाठ अजून घट्ट.

आता कोण काय सोडवू शकतं ते. ८ बिट ४:२:० एच २६४ (एच २६५ च्या आधीची पद्धत), म्हणजे सोनी ए६४०० किंवा पहिला झेडव्ही ई१०, हे आजचं जवळजवळ कुठलंही कार्ड किंवा प्रोसेसर आरामात खेळवतं, तुम्ही एवढंच करत असाल तर मोठ्या पीसीचा खर्च करूच नका. ड्रोनचं १० बिट एच २६५ पण बहुतेक ४:२:० असतं, त्याचीही काळजी नको. एच २६५ ४:२:२ साठी इंटेल ११ वी जनरेशन किंवा पुढचा, आतलं ग्राफिक्स असलेला, किंवा एनव्हिडियाचं ५० सिरीज कार्ड. एएमडीचे रायझेन प्रोसेसर रेंडरला (तयार व्हिडिओ बाहेर काढायला) दणकट आहेत, पण ४:२:२ त्यांच्या आतल्या ग्राफिक्सला जमत नाही, तेव्हा रायझेन हवाच असेल तर सोबत ५० सिरीज धरून चला.

सोनीवाल्यांनी इथे थांबा जरा. सोनीच्या मेनूत फाइलचे प्रकार असतात, त्यात एक्सएव्हीसी एस म्हणजे एच २६४ आणि एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एच २६५. एस मध्ये १० बिट ४:२:२ शूट केलंत तर ते एच २६४ ४:२:२ होतं आणि ते इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरचं आतलं ग्राफिक्स पण सोडवत नाही, ५० सिरीज सोडवते. मग कॅमेरा एचएस वर ठेवा म्हणावं, तर बऱ्याच बॉडीत ४के २५पी ला (सेकंदाला २५ फ्रेम) एचएस मिळतच नाही, ५०पी ला मिळतं. लग्नवाले बहुतेक २५पी वरच असतात. म्हणजे तुमच्यासाठी ५० सिरीज कार्ड नाहीतर प्रॉक्सी (मूळ फुटेजची हलकी नक्कल), दोनच रस्ते. प्रॉक्सीला कमीपणा मानू नका, रात्री लावून झोपायचं, सकाळी हलक्या फाइलवर कट करायचा, शेवटी एक्सपोर्ट मूळ फाइलवरून होतो, क्वालिटी तसूभर कमी होत नाही. बजेट कमी असलेल्या मुलांना आम्ही स्वतःहून हाच रस्ता सांगतो.

एडिटिंग कशात करता हेही सांगा. डाविंची रिझॉल्व्ह ग्राफिक्स कार्डावर जास्त भार टाकतं आणि कार्डाची स्वतःची मेमरी भरली की सरळ जीपीयू मेमरी फुल म्हणून थांबतं, ४के ग्रेडिंग असेल तर ८ जीबी काठावरचं आहे, १२ किंवा १६ चं घ्या. नॉइज रिडक्शन (अंधारातल्या शूटमधले दाणे काढणं) रिझॉल्व्हच्या फुकटच्या व्हर्जनमध्ये नाही, ते पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ व्हर्जनमध्ये आहे, देवळातल्या जत्रेचं रात्रीचं शूट किंवा नाटकाचं अंधारातलं रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी हा खर्च आधीच हिशेबात धरा. प्रीमियरला चांगला प्रोसेसर आणि मधलं कार्ड पुरतं.

रॅम ३२ जीबीच्या खाली नको, आफ्टर इफेक्ट्स असेल तर ६४. घेताना दोन स्टिक घ्या, चार नको, डीडीआर५ मध्ये चार लावल्या की स्पीड कमी करावा लागतो. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव बरेच चढलेत, त्यामुळे आमचं कोटेशन थोडेच दिवस चालतं, याबद्दल रागावू नका, आम्हालाही माल देणाऱ्यांकडून तसंच येतं.

स्टोरेजमध्ये लोक सर्वात जास्त चुकतात. हिशेब करून बघा: १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट) फुटेज तासाला ४५ जीबी खातं. तीन कॅमेरे, सहा तास, म्हणजे ८१० जीबी, एका लग्नाचे. प्रोरेस ४२२ एचक्यू मध्ये (कमी आवळलेली, मोठी फाइल) ४के २५पी असेल तर एकाच कॅमेऱ्याचा एक तास सुमारे ३३० जीबी. म्हणून विंडोज आणि सॉफ्टवेअरला एक एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), चालू कामाला दुसरी एनव्हीएमई २ टीबीची, आणि काम संपलं की साठवायला मोठी हार्डडिस्क. एनव्हीएमई जेन ४ ची पुरे, जेन ५ ची आकडेवारी एडिटिंगमध्ये फारशी जाणवत नाही, ते पैसे बॅकअपच्या डिस्कवर घाला. बॅकअप म्हणजे दुसऱ्या डिस्कवर दुसरी कॉपी आणि शक्य तर ती दुसऱ्या घरात. त्याच कॅबिनेटमध्ये दोन डिस्क रेडमध्ये (एकीचं तेच आपोआप दुसरीवर) लावल्या म्हणजे बॅकअप झाला असं नाही, चुकून डिलीट केलेलं दोन्हीकडून जातं. कुणाच्या तरी आईवडिलांच्या आयुष्यातला एकदाच होणारा दिवस तुमच्या डिस्कवर असतो, एवढं मनात ठेवा.

आता आपल्या गोव्याचं म्हणून जे वेगळं सांगायला हवं ते. किनाऱ्याजवळची हवा खारी आणि जून ते सप्टेंबर दमट, कनेक्टर गंजतात, रॅमच्या पट्टीवर थर बसतो आणि पीसी एक दिवस अचानक चालूच होत नाही. बहुतेक वेळा काही जळलेलं नसतं, रॅम काढून पट्टी पुसून परत बसवली की चालतो. पावसाळ्यात काम नसलं तरी दोन दिवसांनी एकदा तासभर चालू ठेवा, आतल्या उबेने ओल उडते. कॅबिनेट जाळीचं, धुळीचा फिल्टर काढून धुता येणारं घ्या, काचेच्या बंद पेटीच्या मागे लागू नका, आणि ओल आलेल्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

लाईटचं तर तुम्हाला माहीतच आहे, वादळ आलं की जाते, येते, परत जाते. एसएमपीएस वर (पीसीच्या पार्टना वीज देणारा डबा) पैसे वाचवायचे नाहीत, हा आमचा हट्ट आहे, ७५० किंवा ८५० वॅटचा गोल्ड रेटिंगचाच घालतो, बिनानावाचा घाला म्हणालात तर आम्ही काम घेत नाही, कारण तो गेला तर सोबत बाकीचं घेऊन जाऊ शकतो. साधा ६०० व्हीएचा यूपीएस रेंडर चालू असताना ओव्हरलोड होऊन बंद पडतो, आणि चांगल्या एसएमपीएसला प्युअर साइनवेव्ह (घरच्या विजेसारखीच वीज देणारा) यूपीएस बरा. जुन्या घरात काम करत असाल तर आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर हे आजच करा.

सेकंडहँड १३ व्या किंवा १४ व्या जनरेशनचा आय७, आय९ घेत असाल तर एक बघा, यातले काही प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे खराब व्हायचे, इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड अपडेट दिला (तो बायोस अपडेटमधून येतो) आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. बायोस अपडेट केलेलं आहे का विचारा, बिल मागा. नुकसान झालेलं असेल तर अपडेटने ते भरून येत नाही.

येताना पेनड्राइव्हवर प्रत्येक कॅमेऱ्याची एकेक मिनिटाची क्लिप आणा, थेट कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरून कॉपी केलेली, व्हॉट्सॅपवरून आलेली नको, तिथे सगळंच बदलतं. मोबाइलवरही शूट करत असाल तर तीही आणा, मोबाइलचा फ्रेमरेट वरखाली होतो आणि आवाज ओठांपासून सरकतो, ते कुठल्याही पार्टने सुटत नाही, फाइल आधी कन्व्हर्ट करावी लागते, कशी ते दाखवून देऊ. तुमच्या क्लिप आमच्या टेस्टच्या पीसीवर तुमच्यासमोर चालवतो आणि मगच पार्टची यादी लिहितो. म्हापशात शुक्रवारी बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा शुक्रवार सोडून या, नाहीतर सकाळी लवकर.