जोडीदार बदलणारे न्यूट्रॉन तारे

जानेवारीत रात्री मृग नक्षत्र वर आलं की त्याच्या दक्षिणेला शश आणि शशाच्याही खाली कपोत हे दोन फिकट तारकासमूह असतात. कपोतात एक गोलाकार तारकागुच्छ आहे, एनजीसी 1851. साध्या द्विनेत्रीतून तो धुरकट ठिपक्याएवढा दिसतो. आपल्यापासून तो सुमारे 39 हजार प्रकाशवर्षं दूर आहे. नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 ॲन्टेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या मदतीने पाउलो फ्रेअर, यशवंत गुप्ता, स्कॉट रॅन्सम आणि ईश्वरचंद्र यांना या गुच्छातला पहिला पल्सर, म्हणजे गिरकी घेताना ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणारा न्यूट्रॉन तारा, सापडला आणि 2004 मध्ये त्यांनी तो जाहीर केला. न्यूट्रॉन ताऱ्याचं गर्दीतलं आयुष्य समजून घ्यायला याच्याइतकं बोलकं उदाहरण मला तरी दुसरं दिसत नाही.

पण मुळात न्यूट्रॉन तारे अशा गुच्छात असावेतच का? हे गुच्छ दहा अब्ज वर्षांहून जुने. सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जड तारे तिथे पहिल्या काही कोटी वर्षांतच सुपरनोव्हा होऊन संपले. त्यांचा गाभा कोसळून जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाचे, पण सूर्याहून जड असे न्यूट्रॉन तारे बनले. हा स्फोट सगळ्या बाजूंनी सारखा होत नाही. त्यामुळे नव्या ताऱ्याला जबर हिसका बसतो आणि तो सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने निघतो. गुच्छातून निसटायला मात्र सेकंदाला पन्नासेक किलोमीटर वेग पुरतो. म्हणजे बहुतेक सगळे केव्हाच निघून जायला हवे होते. प्रत्यक्षात गोलाकार गुच्छांमध्ये आजवर तीनशेहून जास्त पल्सर सापडले आहेत.

सर्वांत पटणारं उत्तर असं, की काही न्यूट्रॉन तारे हलक्या हाताने जन्मतात. सूर्याच्या आठ ते दहापट वस्तुमानाच्या ताऱ्यांत ऑक्सिजन, निऑन आणि मॅग्नेशियमचा गाभा तयार होतो. त्याला तोलून धरणारे इलेक्ट्रॉन अणुकेंद्रकांत शोषले जाऊ लागले की आधार जातो, गाभा झटकन कोसळतो आणि हिसका सौम्य बसतो. श्वेत बटूवर, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या दाट गाभ्यावर, शेजाऱ्याचं द्रव्य साचत जाऊन तोही असाच कोसळू शकतो.

राहिलेल्या ताऱ्यांची खरी गोष्ट यानंतर सुरू होते. एकटा पल्सर हळूहळू मंदावतो आणि काही कोटी वर्षांत त्याचे रेडिओ स्पंद थांबतात. पण गुच्छात आज चमकणारे बहुतेक तारे सूर्याहून हलके आहेत. त्यांच्यात न्यूट्रॉन तारा जड ठरतो आणि गुच्छाच्या मध्याकडे सरकत जातो. सूर्याला सर्वांत जवळचा तारा 4.2 प्रकाशवर्षांवर आहे. एनजीसी 1851 च्या गाभ्यात तेवढ्याच अंतराच्या घेरात लाखभर तारे दाटलेले असतात. तिथे हा विझलेला तारा एखाद्या जोडताऱ्याजवळ गेला, की त्या जोडीतला हलका तारा बाहेर फेकला जातो आणि त्याची जागा हा घेतो. पुढे जोडीदार फुगला की त्याचा वायू याच्यावर ओतू लागतो. फिरत्या चक्राला मुलं कडेने ढकलत राहतात तसा तो वायू याची गिरकी वाढवत नेतो. टर्झन 5 या गुच्छातला एक पल्सर सेकंदाला 716 वेळा फिरतो. ज्ञात पल्सरमध्ये इतका वेग दुसऱ्या कुणाचाच नाही.

आता पुन्हा एनजीसी 1851 कडे. खोडदला सापडलेला पल्सर 4.99 मिलिसेकंदांत एक फेरी मारतो, म्हणजे सेकंदाला सुमारे 200. त्याला कुणीतरी द्रव्य पाजलंय हे उघड आहे. असं द्रव्य ओतलं जात असताना कक्षा गोल होत जाते, हा ठाम अनुभव. याची 18.8 दिवसांची कक्षा मात्र इतकी लांबट आहे, की जोडीदारांमधलं सर्वांत जास्त अंतर सर्वांत कमी अंतराच्या जवळपास सतरापट भरतं. शिवाय पुढच्या मोजमापांत जोडीदाराचं वस्तुमान सूर्याच्या 1.22 पट निघालं. पल्सरची गिरकी वाढवून शेवटी कृश उरलेला जोडीदार सहसा इतका जड नसतो. सगळं जुळवून पाहिलं तर अर्थ एकच लागतो: द्रव्य देणारा तारा वेगळा होता. तो हुसकला गेला आणि त्याच्या जागी हा जड पाहुणा, बहुधा एक श्वेत बटू, आला. गर्दीतल्या अदलाबदलीचा इतका स्वच्छ पुरावा मिळणं ही माझ्या मते जीएमआरटीच्या मोठ्या कामगिऱ्यांपैकी एक आहे.

त्याच गुच्छात दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीला आणखी एक पल्सर सापडला. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्याचा न दिसणारा जोडीदार सूर्याच्या 2.09 ते 2.71 पट जड आहे. न्यूट्रॉन ताऱ्यासाठी हे वजन फार आणि कृष्णविवरासाठी फारच कमी. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन होऊन ही वस्तू बनली असेल आणि पुढे अशाच अदलाबदलीत या पल्सरच्या वाट्याला आली असेल, असं संशोधकांना वाटतं. ती कृष्णविवर ठरली तर मिलिसेकंद पल्सर (काही मिलिसेकंदांत फेरी मारणारा पल्सर) आणि कृष्णविवर यांची ती पहिलीच ज्ञात जोडी असेल. ते ठरवण्याचा एक रस्ता म्हणजे पल्सरचे स्पंद वर्षानुवर्षं मोजत राहणं आणि जोडीदाराच्या गिरकीमुळे कक्षा किंचित कलते का, हे तपासणं.