राळेचं कुलूप

जॅक पाइन हा सूचीपर्णी वृक्ष देखणा नाही, हे आधीच सांगून टाकतो. खोड वेडंवाकडं, खालच्या वाळक्या फांद्या वर्षानुवर्षं तशाच लटकलेल्या, सुया जेमतेम दोन ते चार सेंटिमीटरच्या. कॅनडाचा आणि पंचमहासरोवरांभोवतीचा हा रहिवासी. रेताड, निकस जमीन आणि हाडं गोठवणारी थंडी त्याला चालते.

त्याचा शंकू बोटाएवढा, राखाडी, टोकाशी वाकलेला. खवले नखाने उचकटायला गेलात तर नखच तुटेल, कारण ते राळेने चिकटलेले असतात. बिया आत कित्येक वर्षं तग धरतात. तापमान पन्नास अंशांच्या आसपास गेलं की राळ वितळते आणि खवले उघडतात. म्हणजे वणव्यात जुनं झाड जळतं, आणि त्याच्याच बिया राखेवर, भरपूर उन्हात पडतात. दक्षिणेकडच्या काही झाडांचे शंकू मात्र आगीविनाही उघडतात.

बागेत लावायचा तर वाऱ्याला आडोसा म्हणून किंवा उघड्याबोडक्या वाळूवर लावावा. खाणींनी उजाड केलेल्या जमिनीवरही तो लावतात. घराच्या भिंतीलगत मात्र नको, वाळक्या फांद्या आणि राळ म्हणजे आयतं सरपणच.

कर्टलंडचा वॉर्बलर हा पिवळ्या छातीचा चिमुकला पक्षी मुख्यतः मिशिगनमध्ये, जमिनीवर घरटं करतो. तेही साधारण पाच ते वीस वर्षांच्या जॅक पाइनच्या खालच्या फांद्यांच्या आडोशाला. झाड मोठं झालं की तो मुक्काम हलवतो. माणसाने वणवे विझवायला सुरुवात केली आणि कोवळी रानं कमी झाली. भरीला काऊबर्ड आपल्या कोकिळेसारखा त्याच्या घरट्यात अंडी घालू लागला. १९६१ साली पाचशेच्या घरात असलेले गाणारे नर १९७१ मध्ये जेमतेम दोनशे उरले.

मे १९८० मध्ये या पक्ष्यासाठी रान तयार करायला मुद्दाम लावलेली आग मिशिगनमधल्या मॅक लेकपाशी हाताबाहेर गेली. सुमारे चोवीस हजार एकर जळाले, विझवणारा एक जण दगावला. त्या राखेतून उगवलेलं रान दशकभरात पक्ष्यांच्या गाण्याने भरलं, हे मान्य करताना जरा जड जातं.

२०१९ मध्ये वॉर्बलर अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. आता आगीऐवजी बरंचसं काम कुऱ्हाड आणि रोपवाटिका करतात. जुनी झाडं तोडून रोपं लावतात, आणि वणव्यानंतरच्या रानात असतात तशा मोकळ्या जागा मधेमधे मुद्दाम सोडतात.