दुबळ्या राष्ट्रीय संघांची सरशी (फुटबॉल)

लोकसंख्या, पैसा, क्लबांचे जाळे आणि पूर्वकीर्ती या बाबतींत वरचढ असलेल्या राष्ट्रीय संघाला तुलनेने दुबळ्या संघाने हरवणे, किंवा अशा संघाने मोठ्या स्पर्धेत अपेक्षेपलीकडे मजल मारणे. मराठी वृत्तपत्रे अशा निकालाला ‘सनसनाटी’ किंवा ‘धक्कादायक’ म्हणतात. एका सामन्यापुरती सरशी आणि वर्षानुवर्षे टिकणारी सरशी यांची कारणे वेगवेगळी आहेत. लोकप्रिय विवेचनांत त्यांची हमखास गल्लत होते, म्हणून येथे त्यांचा स्वतंत्र विचार केला आहे.

अशी सरशी मिळवणारे देश किती लहान असतात, हे बेळगाव सीमाभागातील वाचकाला सहज ताडता येईल. २०११ च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४७.८ लाख आणि महापालिका हद्दीची सुमारे ४.९ लाख होती. दोन वेळा विश्वचषक जिंकणारा उरुग्वे (सुमारे ३५ लाख) आणि २०१८ चा उपविजेता क्रोएशिया (सुमारे ४० लाख) हे दोन्ही देश या जिल्ह्यापेक्षा लहान आहेत. २०१६ साली आइसलँडची वस्ती सुमारे ३.३ लाख होती, म्हणजे एकट्या बेळगाव शहराहूनही कमी.

पहिले उदाहरण : याबाबत एकमत नाही. सर्वसाधारणपणे २९ जून १९५० रोजी ब्राझीलमधील बेलो होरिझोन्ते येथे अमेरिकेने इंग्लंडवर १-० असा मिळवलेला विजय पहिला धरतात. गोल जो गेटजेन्स याचा होता. हा निकाल तारेने आला तेव्हा इंग्लंडमधील वृत्तपत्रांना छपाईची चूक वाटली, ही कथा सर्वत्र सांगितली जात असली तरी ती पुराव्याने सिद्ध झालेली नाही. याआधीची उदाहरणेही आहेत. १९३८ च्या विश्वचषकात क्यूबाने रुमानियाशी ३-३ अशी बरोबरी साधून फेरसामना २-१ ने जिंकला आणि स्वित्झर्लंडने जर्मनीला फेरसामन्यात ४-२ असे हरवले. यांपैकी स्वित्झर्लंडचा संघ त्या काळी दुबळा मानावा का, हा प्रश्न उरतो; क्यूबाचे उदाहरण अधिक निर्विवाद वाटते. आपल्याकडे या संदर्भात मोहन बागानने २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून जिंकलेल्या आयएफए शिल्डचा हटकून उल्लेख होतो. तो विजय थोरच होता, पण क्लबचा असल्यामुळे या नोंदीच्या व्याख्येत बसत नाही.

गोलांचे गणित : फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात. २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे सामन्यामागे सरासरी २.६९. असे विरळ, सुटे प्रसंग मोजण्यासाठी पॉइसाँ (प्वासाँ) या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे वितरण, म्हणजे सरासरीवरून प्रत्येक संख्येची संभाव्यता सांगणारे सूत्र, वापरतात. समजा, बलाढ्य संघाचे सामन्यातील अपेक्षित गोल १.८ आणि दुबळ्या संघाचे ०.८ आहेत. दोन्ही संघांचे गोल परस्परांपासून स्वतंत्र मानले तर दुबळा संघ जिंकण्याची संभाव्यता सुमारे १६ टक्के आणि बरोबरीची सुमारे २३ टक्के येते. याचा अर्थ, दुपटीहून अधिक सरस असलेला संघही शंभरातील ३९ वेळा जिंकत नाही. गुणोत्तर तेच ठेवून दोघांचे अपेक्षित गोल तिप्पट केले, तर हा ३९ चा आकडा जवळपास निम्म्यावर येतो. बास्केटबॉलमध्ये अनपेक्षित निकाल कमी का लागतात, ते यावरून कळते.

हे प्रारूप किती अचूक आहे, यावर मोठा वाद झाला. मोरोनी यांनी १९५१ मध्ये गोलसंख्येला पॉइसाँपेक्षा ऋण द्विपद वितरण (ज्यात संख्यांचा चढउतार पॉइसाँहून अधिक धरला जातो) अधिक जुळते असे दाखवले. रीप, पोलार्ड व बेंजामिन यांनी १९७१ मध्ये तोच पक्ष उचलून धरला आणि एकेका सामन्याच्या निकालात योगायोगाचा वाटा मोठा मानला. मेहर यांनी १९८२ मध्ये प्रत्येक संघाला आक्रमण व बचाव यांचे वेगवेगळे गुणांक दिले, तेव्हा साधे पॉइसाँ वितरणही बऱ्यापैकी पुरेसे ठरले. आधी दिसलेली विसंगती बरीचशी संघांच्या कमी-अधिक ताकदीमुळे होती, असा त्याचा अर्थ लावता येतो. डिक्सन व कोल्स यांनी १९९७ मध्ये ०-०, १-०, ०-१ आणि १-१ या निकालांपुरती दुरुस्ती सुचवली. दुबळ्या संघांची सरशी बहुधा याच तुटपुंज्या गोलसंख्येत घडत असल्याने ही दुरुस्ती प्रस्तुत विषयाला विशेष महत्त्वाची आहे. एकंदरीत मेहर यांची दिशा अधिक ग्राह्य दिसते : योगायोगाचा वाटा मोठा आहे, पण त्याला संघांच्या ताकदीची मर्यादा आहे.

योगायोग टिकत नाही. १९ जुलै १९६६ रोजी मिडल्सब्रो येथे उत्तर कोरियाने पाक दू-इक याच्या गोलावर इटलीला १-० ने हरवले. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती आणि बुल्गारेल्ली जखमी झाल्यामुळे इटलीला दहा जणांनिशी खेळावे लागले होते. पुढच्याच सामन्यात पोर्तुगालविरुद्ध कोरियाने ३-० अशी आघाडी घेतली, पण युसेबियोने चार गोल केले आणि सामना ५-३ असा फिरला.

मैदानाची स्थितीही दुबळ्याच्या पथ्यावर पडू शकते. ४ जुलै १९५४ रोजी बर्न येथे पावसात झालेल्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीने हंगेरीला ३-२ ने हरवले. साखळीत याच हंगेरीने त्यांना ८-३ असे धुतले होते आणि १९५० पासून हंगेरी अपराजित होती. जर्मन बुटांचे बदलता येणारे लांब खिळे निर्णायक ठरले, असे वारंवार लिहिले जाते. ते एक कारण असावे, एकमेव नव्हे. बेळगाव-खानापूर पट्ट्यात पावसाळी मैदानावर खेळलेल्यांना हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. लाल चिखलात जमिनीलगत दिलेला पास दहा पावलांवर थबकतो, ड्रिबलिंग करणाऱ्याचा पाय चेंडूच्या पुढे घसरतो आणि उंच मारून मागे धावणाऱ्या संघाचे फावते.

पैसा व लोकसंख्या : हॉफमन, ली व रामासामी यांच्या २००२ च्या अभ्यासानुसार दरडोई उत्पन्न वाढते तशी राष्ट्रीय संघाची कामगिरी एका मर्यादेपर्यंत सुधारते, पुढे तिचा लाभ उरत नाही. नुसती लोकसंख्याही पुरेशी नाही. भारत आणि चीन ही त्याची ठळक उदाहरणे. अर्थतज्ज्ञ मिलानोविच यांनी मांडलेला मुद्दा अधिक मूलगामी वाटतो : खेळाडूंना देशोदेशी जाण्याची मुभा मिळाल्याने श्रीमंत क्लब अधिक बलाढ्य झाले, पण गरीब देशांचे खेळाडू त्याच क्लबांत तयार होऊन राष्ट्रीय सामन्यांसाठी मायदेशी परततात. राष्ट्रीय संघाला खेळाडू विकत घेता येत नाहीत, त्यामुळे श्रीमंत देशाच्या पैशाला येथे कुंपण पडते.

सराव व डावपेच : राष्ट्रीय संघांना एकत्र सरावाला वेळ थोडा मिळतो. इतक्या वेळात गुंतागुंतीचे आक्रमण बसवणे अवघड, बचावाची शिस्त आणि ठरलेल्या चाली बसवणे सोपे. ग्रीसने ऑटो रेहागेल यांच्या मार्गदर्शनाखाली २००४ ची युरो स्पर्धा अशीच जिंकली. अंतिम सामन्यात कॉर्नरवर कारिस्टेआसने हेडर मारला आणि यजमान पोर्तुगाल १-० ने हरला. २०१६ च्या युरोत इंग्लंडने आइसलँडविरुद्ध चौथ्याच मिनिटाला पेनल्टीवर गोल केला. दोनच मिनिटांनी गुन्नारसनने कडेवरून लांबलचक थ्रो-इन टाकला, आर्नासनने डोक्याने तो पुढे ढकलला आणि सिगुर्डसनने धावत येऊन चेंडू जाळ्यात धाडला. ही चाल आइसलँडची नेहमीची होती, तरीही इंग्लंडचे बचावपटू जागेवर खिळून राहिले. आइसलँड तो सामना २-१ ने जिंकले. या यशामागे हिवाळ्यातही खेळता येतील अशी बंदिस्त मैदाने आणि गावोगावच्या मुलांना मिळालेले परवानाधारक प्रशिक्षक यांची दीड दशकाची तयारी होती. ‘जिद्द’ हे कारण सर्वांच्या तोंडी असते, पण हरलेल्या दुबळ्या संघांतही जिद्द काही कमी नसते. मैदाने आणि प्रशिक्षक यांनी दिलेले स्पष्टीकरण अधिक भरवशाचे आहे.

परदेशस्थ खेळाडू : २००४ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये फिफाने दुहेरी नागरिकत्व असलेल्या खेळाडूंना देश बदलण्याचे नियम सैल केले. २०२२ मध्ये उपांत्य फेरी गाठणाऱ्या मोरोक्कोच्या २६ जणांपैकी १४ जण परदेशात जन्मलेले होते. उपांत्य फेरीपर्यंत या संघावर एकच गोल झाला आणि तोही स्वयंगोल. सुमारे दीड लाख वस्तीचे कॅरिबियन बेट कुरासाव २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरले, ते मुख्यत्वे नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या खेळाडूंच्या बळावर. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे परकीय पारपत्र घेतलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना भारताकडून खेळता येत नाही.

भारत : ३१ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतांशी अनवाणी खेळलेल्या भारताने फ्रान्सला झुंजवले. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि सामना १-२ असा हातचा गेला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसूझा यांच्या हॅट्‌ट्रिकमुळे भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवले व चौथे स्थान मिळवले. १९६२ च्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक जिंकले.

सीमाभाग : बेळगावात फुटबॉल लष्करी छावणी आणि मिशनऱ्यांच्या शाळा या दोन्ही वाटांनी आला असावा. सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ चे आहे. शहरातील फुटबॉल टिकवण्यात शाळांचा वाटा अधिक दिसतो. गोव्याचा शेजारही पूरक ठरला. उत्तरेला कोल्हापुरात हा खेळ तालमींनी उचलला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात. निपाणी आणि कोल्हापूर यांत जेमतेम ४० किलोमीटरचे अंतर आहे, पण संतोष करंडक या राज्य संघांच्या स्पर्धेत निपाणीचा खेळाडू कर्नाटकाच्या वाट्याला येतो आणि कोल्हापूरचा महाराष्ट्राच्या. २०२२-२३ चा करंडक कर्नाटकाने रियाध येथे मेघालयाला ३-२ ने हरवून जिंकला. म्हैसूर या नावाने १९६८-६९ मध्ये मिळवलेल्या विजेतेपदानंतरचे ते पहिलेच होते. मेघालयाचा तो पहिलाच अंतिम सामना होता.