एक जादा गाडी सोडायला काय जातं?

भाचा डोंबिवलीला राहतो. शुक्रवारी रात्री मुंबईहून निघायचं, शनिवारी सकाळी गोव्यात थिवीला उतरायचं, रविवारी रात्री परत, असा त्याचा आणि त्याच्या मित्रांचा शिरस्ता. यावेळी परतीचं तिकीट वेटिंगवर अडकलं आणि जेवता जेवता तो म्हणाला, "मामा, एवढी गर्दी असते, मग रविवारी एक जादा गाडी सोडायला यांचं काय जातं?"

माझ्या आधी आई बोलली. "शनिवारी कशाला येतोस? शनिवारचा प्रवास म्हणजे खोळंबा आलाच." शनी सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं घेतो. त्याला थिवीच्या गाडीत रस असण्याचं काही कारण नाही. पण आईचं निरीक्षण अगदीच टाकाऊ नाही. शनिवार-रविवारी गाड्या रखडायची शक्यता खरंच वाढते, फक्त त्यामागचा ग्रह वेगळा आहे: रांगांचं गणित. आणि तो माझा लाडका आहे, म्हणून जरा सविस्तर.

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत कोकण रेल्वेचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ला पूर्ण खुला झाला. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला. गोव्यातून जाणारा भाग, म्हणजे पेडणे, थिवी, करमळी, मडगाव ते काणकोण, एकेरीच आहे. एकेरी मार्ग म्हणजे काय, हे गावातल्या साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या अरुंद पुलावरून, पटकन कळतं. साकवावर समोरून कोणी येत असेल तर आपण काठावर थांबतो. मधोमध गाठ पडली तर एकाला उलटं चालत जावं लागेल, आणि आगगाडीला ते करता येत नाही. म्हणून दोन स्टेशनांमधल्या तुकड्यात, रेल्वेच्या भाषेत ब्लॉक सेक्शनमध्ये, एका वेळी एकच गाडी. समोरची येईपर्यंत दुसरी स्टेशनातल्या लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी. आपण म्हणतो ना, "गाडी क्रॉसिंगला पडली", ती हीच.

आता अशा मार्गावर दिवसाला किती गाड्या मावतील? भारतीय रेल्वेत याचा एक जुना हिशेब आहे, स्कॉटचं सूत्र. सगळ्यात अडचणीचा तुकडा घ्या. तो पार करायला सगळ्यात हळू गाडीला लागणारी मिनिटं, अधिक पुढच्या गाडीला 'लाइन क्लिअर', म्हणजे तुकड्यात शिरायची परवानगी, देण्यात जाणारी मिनिटं. या बेरजेने १४४०ला भागा, कारण दिवसाची मिनिटं तेवढीच. समजा मालगाडीला १५ मिनिटं लागतात आणि वरची कामं ५ मिनिटांची. १४४० भागिले २०, उत्तर ७२. दोन्ही दिशांच्या मिळून ७२ गाड्या.

पण सूत्र इथे थांबत नाही. ते म्हणतं, आता या ७२ला ०.७ने गुणा. उत्तर पन्नास! तीस टक्के जागा सरळ सोडून द्यायची. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा सरकारी आळस वाटला होता. तो आळस नाही. या ०.७मध्ये अख्खं रांगशास्त्र, म्हणजे रांगेत किती थांबावं लागतं याचं गणित, दडलेलं आहे.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कॉल किती ताटकळतात याचं गणित १९०९ मध्ये एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने मांडलं आणि रांगशास्त्राचा पाया घातला. पुढे १९६१ मध्ये जॉन किंगमन या ब्रिटिश गणितज्ञाने एक अंदाजसूत्र दिलं. त्याचं मराठी असं: सरासरी थांबणं म्हणजे तीन गोष्टींचा गुणाकार. पहिली, एका गाडीला तुकडा किती मिनिटं लागतो. दुसरी, भरलेपणा भागिले रिकामेपणा. तिसरी, बेभरवसा, म्हणजे गाड्यांच्या येण्याच्या आणि तुकडा ओलांडण्याच्या वेळा किती मागेपुढे होतात त्याचं माप.

गंमत दुसऱ्या गोष्टीत आहे. मार्ग ५० टक्के भरला असेल तर भरलेपणा भागिले रिकामेपणा १ येतो. ७० टक्क्यांना २.३३, ८०ला ४, ९०ला ९, ९५ला १९. भरलेपणा सत्तरवरून नव्वदवर गेला, म्हणजे जेमतेम पावपट वाढला, आणि थांबणं जवळपास चौपट! रेघ सरळ चढत नाही, शेवटी कड्यासारखी उभी राहते.

आपल्या काल्पनिक तुकड्यात आकडे घालू. तुकडा २० मिनिटांचा, बेभरवसा ०.२ धरू. सत्तर टक्क्यांना सरासरी थांबणं ९ मिनिटं. ऐंशीला १६. नव्वदला ३६. ऐंशीवरून नव्वदवर जायला किती गाड्या लागतात? ७२ पैकी ५८ धावत होत्या, त्या ६५ झाल्या. फक्त सात. आणि भाच्याची 'एक' जादा गाडी कधीच एक नसते. रविवारी रात्री मुंबईला गेलेला रेक, म्हणजे डब्यांची अख्खी माळ, कधीतरी परत आणावा लागतो, रिकामा का होईना. साकव रिकाम्या हातांनी ओलांडला तरी तेवढाच वेळ अडतो.

आता तिसरी गोष्ट, बेभरवसा. इथे वीकएंडची गर्दी थेट घुसते. थिवीला दोन मिनिटांचा थांबा आहे समजा. एका डब्यातून चाळीस जण उतरणार, फलाटाच्या बाजूला दारं दोन, म्हणजे दाराला वीस. माणशी तीन सेकंद धरले तर एक मिनिटात डबा मोकळा. पण शनिवारी सकाळी त्याच दारातून चाकांच्या बॅगा, गिटार, झोपेतून उठलेली पोरं आणि "अरे, माझी चप्पल!" एकाच वेळी बाहेर पडतात, वर चढणारे खालून रेटतात. दोन मिनिटांचे चार होतात. कधी होतात, कधी नाही. हे 'कधी कधी' फार महाग. ठरलेली चार मिनिटं वेळापत्रकात बसवता येतात, पण दोन की चार हे ठाऊक नसेल तर समोरून येणारी गाडी पुढच्या क्रॉसिंगला नुसती वाट पाहते, आणि तिची वाट तिच्यामागची पाहते. उशीर दोन्ही दिशांना पसरतो. बेभरवसा ०.२चा ०.४ झाला तर नव्वद टक्क्यांवरची ३६ मिनिटं ७२ होतात. गाडी एकही न वाढवता.

(काटेकोर वाचक म्हणतील की किंगमनचं सूत्र स्वतंत्र, यादृच्छिक आगमनांसाठी आहे, वेळापत्रकावरच्या गाड्यांना ते जसंच्या तसं लागू नाही. मान्य. आणि इथे एकामागोमाग डझनावारी तुकडे आहेत, एकाचा उशीर दुसऱ्याचं आगमन बिघडवतो. पण कड्याचा आकार तोच राहतो.)

हे कळलं की पावसाळी वेळापत्रकाकडे बघायची नजर बदलते. वर्षानुवर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर आणि २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर, कोकण रेल्वे गाड्या मुद्दाम हळू चालवते. कारण अर्थात सुरक्षितता, दरडी. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून वाहतूक बंद पडली होती, ती आठवत असेल. पण गणिताच्या भाषेत ही देवाणघेवाण आहे: तुकडा ओलांडायला जास्त मिनिटं द्यायची आणि बदल्यात बेभरवसा थोडा आटोक्यात ठेवायचा.

विजेबद्दलही एक बोलून टाकतो. २०२२ मध्ये अख्ख्या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं, तेव्हा "आता गाड्या वेळेवर" असं जो तो सांगत होता. विजेचं इंजिन वेग लवकर पकडतं, धूर सोडत नाही, फायदे खरे आहेत. पण वीज आली म्हणून एका रुळावर दोन गाड्या एकमेकींना ओलांडत नाहीत.

मग गर्दीचं करायचं काय? भाच्याला मी सांगितलं, गाडी मागू नकोस, डबे माग. एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीच्या, स्लीपर डब्यात ८० बर्थ. दोन डबे जोडले की १६० माणसं झोपून जातात आणि मार्गावर नवी जागा लागत नाही. आठ डब्यांची मुंबई-मडगाव वंदे भारत आणि बावीस डब्यांची गाडी ब्लॉक सेक्शनच्या दृष्टीने सारखीच, एक म्हणजे एक. मर्यादा येते ती लूप लाइनच्या आणि फलाटाच्या लांबीची. क्रॉसिंगला थांबलेल्या गाडीचं शेपूट मुख्य रुळावर राहून चालत नाही.

दुसरा उपाय साकवाच्या मधोमध पाय टेकायला जागा करण्याचा. कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, आचिर्णे ही नंतर वाढवलेली स्टेशनं त्यासाठीच. आपला १५ मिनिटांचा तुकडा मधोमध कापला तर साडेसात, अधिक ५, म्हणजे साडेबारा. १४४० भागिले १२.५, गुणिले ०.७: पन्नासचे ऐंशी! दुहेरीकरणाच्या मानाने खर्च किरकोळ.

"म्हणजे एक स्टेशन बांधलं की झालं?" भाच्याने विचारलं.

नाही. सूत्र पुन्हा वाच, सगळ्यात अडचणीचा तुकडा घ्यायचा असतो. हा कापला की त्याच्या शेजारचा चौदा मिनिटांचा तुकडा सगळ्यात अडचणीचा होतो, आणि हिशेब ऐंशीवरून त्रेपन्नवर येतो.

आई म्हणाली, "म्हणून सांगते, गुरुवारी ये."